दोष कार्डाचा

बनहा स्टेशनच्या अलीकडे सिग्नल लाल होता आणि उस्ता वहीब गाडी घेऊन तो ओलांडून सरळ पुढे गेले. स्क्रीनवर इंजिन थांबलं, वर तांबडी पट्टी आली आणि खेळ संपला. उस्तांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाळी दिली, "रऊफ, अरे तुझं कार्ड मेलं!"

गाडी खोटी होती हे खरं, पण तसं उस्तांना तोंडावर म्हणायची कैरोच्या शुब्रा भागातल्या त्या इमारतीत कुणाची छाती नव्हती. कैरो ते अलेक्झांड्रिया या मार्गावर त्यांनी उभं आयुष्य इंजिनं हाकली, आणि हातात कसब असलेल्याला आमच्याकडे उस्ता म्हणतात. लाल सिग्नल ओलांडल्याचा ठपका एकदाही लागला नाही, आणि ही गोष्ट ते पाहुण्यांना चहा यायच्या आधी सांगून टाकत. निवृत्त झाल्यावर मात्र माणूस पार सुकला. सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालायचा, बाल्कनीत बसायचं, लांबून गाडीचा आवाज आला की घड्याळाकडे बघून "उशीर" म्हणायचं, एवढंच काम उरलं. त्यांची बायको इन्साफ तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "अहो, बसल्या जागी गाड्या हाकता, त्यापेक्षा जरा झाडू हाका."

हे बघवेना म्हणून रऊफने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत मांडून दिला. गाडी चालवायचा एक गेम असतो. त्यात आपल्याकडच्याच कुणा वेड्या हौशी लोकांनी अख्खा अलेक्झांड्रियाचा मार्ग उभा केला होता, स्टेशनांसकट, तारेच्या खांबांसकट, कफ्र-अल-झय्यातच्या पुलासकट. उस्तांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते उठले, आत गेले आणि कामावरचा निळा शर्ट घालून परत आले. त्या दिवसापासून त्या घरात पुन्हा एक इंजिन ड्रायव्हर राहू लागला.

रऊफ बँकेत खिडकीमागे बसायचा, पण गल्लीत त्याची ओळख वेगळी. सायबर कॅफेत वाढलेला तो. कुणाचं मशीन गरम झालं, घुरघुरलं, अडकलं की लोक त्यालाच हाक मारत, आणि तो नुसत्या आवाजावरून रोग सांगायचा. याचा त्याला गर्व होता. गर्व करावा असंच ते होतं म्हणा, पण त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली.

"काय दिसतं बाबा?" त्याने विचारलं.

"सिग्नल उशिरा उगवतो. हवा तेव्हा नसतो, अंगावर आला की असतो. मधलं सगळं धुरकट. आणि रूळ वाकडे येतात."

"वाकडे?"

"वाकडे म्हणजे वाकडे. मध्येच लाट आल्यासारखे. असे रूळ खरे असते तर मी आज तुझ्याशी बोलत नसतो."

यातलं एकेक लक्षण रऊफला तोंडपाठ होतं. स्क्रीनवरची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं की लांबच्या वस्तू उशिरा काढतं. कार्डाची मेमरी मरायला लागली की सरळ रेषा वेड्यावाकड्या होतात. आणि हे कार्ड तर त्याने सेकंडहँड घेतलेलं. कुठल्या तरी गोदामात डिजिटल नाणी पाडायला वर्षानुवर्षं घाण्याच्या बैलासारखं जुंपलेलं, मग धुऊनपुसून बाजारात आणलेलं. शहरातला प्रत्येक गेम खेळणारा अशा एखाद्या कार्डाने एकदा तरी पोळलेला आहे. रऊफ स्वतः खुर्चीत बसला की रूळ सरळ असत, हे खरं. पण खराब कार्डाचा हा जुनाच चावटपणा असतो. ते मालकासमोर रडतं आणि दुरुस्ती करणारा आला की हसतं.

मग त्याने उपाय सुरू केले. पंखे साफ केले. कार्ड उघडून आतलं, ते थंड ठेवणारं वाळलेलं मलम खरवडून नवं लावलं. केबल बदलली. चित्राची प्रत खाली आणली, मग पुन्हा वर नेली. प्रत्येक वेळी उस्ता म्हणायचे, "आता जरा बरं वाटतंय," आणि आठवडा उलटला नाही तोच तक्रार परत यायची. हळूहळू ते मान तिरकी करून, स्क्रीनच्या कडेकडे बघत गाडी चालवू लागले. रऊफला वाटलं काचेवर बाल्कनीचा उजेड चमकतो, म्हणून त्याने टेबल फिरवून दिलं. असं करता करता वर्ष गेलं.

"आता नवंच कार्ड घेऊ या," एक दिवस तो जेवताना म्हणाला.

"कशाला?" इन्साफ म्हणाली. "आहे ते राहू दे. चाललंय ना त्यांचं?"

"आई, तुला यातलं काय कळतं?"

"मला कुठलं कळायला. मी आपली भेंड्या निवडणारी." ती उठून आत गेली, आणि आतून भांडी जरा जोरातच वाजली.

रऊफने पुढचे कितीतरी दिवस कार्डांच्या अभ्यासात घातले. हे लांबीला जास्त, कॅबिनेटमध्ये मावणार नाही. ते विजेला हावरं, जुना पॉवर सप्लाय त्याला पोसणार नाही. तिसरं उत्तम, पण मग जुना प्रोसेसर त्याच्यापुढे धापा टाकणार. उस्ता शेजारी बसून सगळं ऐकत आणि मध्येच विचारत, "पण याच्यात रूळ सरळ दिसतील ना?" त्यांच्या आवाजात इतकी आशा असायची की रऊफला वाटे, या माणसाला आपण जगातलं सगळ्यात चांगलं कार्ड आणून दिलं पाहिजे. लहानपणी बाबांनी त्याला इंजिनात बसवून तंटा स्टेशनापर्यंत नेलं होतं. त्याची परतफेड करायला दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतं.

शेवटी दोघं बाब-अल-लूकच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. तिथे शलबी नावाचा ओळखीचा दुकानदार होता.

"या इंजिनीअर साहेब!" शलबी ओरडला. आमच्याकडे बँकेतल्या कारकुनालाही इंजिनीअरच म्हणतात, त्याने माल लवकर खपतो. "आणि काकांना आणलंत! काका, बसा. चहा सांगतो. हे बघा, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. वापरलेलं आहे, पण कुणी वापरलेलं? एका डॉक्टरीणबाईंनी. दवाखान्यातून आल्या की पत्त्यांचे दोन डाव आणि झोप."

"शलबी, जुन्या मोटारी विकणारेही हेच सांगतात," रऊफ म्हणाला. "देशात इतक्या डॉक्टरीणबाई असत्या तर आजारी कोण पडलं असतं?"

"मग काय सांगू, खाटकाचं होतं म्हणून?"

रऊफने गेम बरोबर आणला होता. शलबीने तो आपल्या दुकानातल्या मशीनवर चढवला, मोठी स्क्रीन लावली आणि डॉक्टरीणबाईंचं कार्ड बसवलं. उस्ता समोर बसले. कैरो स्टेशनचा फलाट मागे पडला.

"वाकडेच," उस्ता म्हणाले.

"बघ, नाणी पाडायच्या गोदामातलंच निघालं तुझं," रऊफने शलबीला टोमणा मारला. शलबीने वरमून ते काढलं आणि खोक्यातलं कोरं कार्ड लावलं. मधल्या दर्जाचं, पण कोरं.

उस्तांनी बराच वेळ बघितलं. "हेही तसंच आहे रे."

आता शलबीची भुवई वर गेली. त्याने काचेच्या कपाटातून सगळ्यात मोठं कार्ड काढलं, तीन पंख्यांचं, हातात घेतलं की मनगट वाकावं इतकं जड. ते लागलं आणि स्क्रीनवर सकाळ झाली. शेतातलं पाणी चमकायला लागलं, खजुरीची झावळी न् झावळी सुटी दिसायला लागली. रऊफच्या तोंडून आपसूक "वा" निघून गेलं.

उस्तांनी मान सरळ केली, मग तिरकी केली. उठून काचेला नाक लागेल इतके जवळ गेले आणि परत येऊन बसले.

"याच्या वरचं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"काका, याच्या वर फक्त परमेश्वर."

"म्हणजे याच्यात दोष असणार नाही."

"याच्यात दोष निघाला तर दुकानाला कुलूप घालतो आणि तुमच्या इंजिनात कोळसा टाकायला येतो."

"डिझेलचं आहे," उस्ता म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "हं. सरळ आहेत रूळ. स्वच्छ दिसतं."

"बघितलंत!" रऊफ टुणकन उठला.

"पण नको. जाऊ दे. खेळच तर आहे शेवटी. चल घरी."

रऊफने ते शब्द ऐकले आणि त्याचा अर्थ काय लावला, तर बाबा माझ्या खिशाचा विचार करतायत. जिना उतरताना उस्तांनी त्याचा दंड धरला होता. आजवर कधी धरला नव्हता. याचाही त्याने अर्थ लावला की बाबा माझ्यावर खूश आहेत. हुशार माणूस चुकला की असा ऐसपैस चुकतो.

पुढच्याच आठवड्यात त्याने ते तीन पंख्यांचं कार्ड गुपचूप आणलं. त्याच्यासाठी पॉवर सप्लाय बदलला, कॅबिनेटचा आतला पत्रा कापला, कापताना बोटही कापून घेतलं. मोठा उपवास सुटला, ईस्टरचा दिवस उजाडला, चर्चहून सगळे घरी आले, तेव्हा त्याने उस्तांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं.

उस्तांनी कॅबिनेटवर हात फिरवला. आत घरघर नव्हती. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असणार.

"आणलंस?"

"आणलं."

"अरे वेड्या," ते म्हणाले. रऊफला वाटलं, आनंदाने म्हणाले.

इंजिनात दोन माणसं असतात. ड्रायव्हर सिग्नल बघून मोठ्याने पुकारतो, आणि सहायक स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच पुन्हा पुकारतो. उस्ता गेम खेळतानाही हा नियम पाळत, आणि रऊफ घरी असला की सहायकाच्या स्टुलावर बसे. आज तर बसलाच. इन्साफ पाव, भात आणि मटणाच्या फत्त्याचं ताट घेऊन दारात उभी राहिली.

"हिरवा!" उस्तांनी शुब्रा-अल-खैमा स्टेशनच्या आधी पुकारलं.

"हिरवा!" रऊफ म्हणाला.

कल्यूब स्टेशन गेलं. उस्ता सुरेख चालवत होते. वळण यायच्या आधी वेग उतरवत, फाटकाच्या आधी शिट्टी देत. "काचेसारखं दिसतंय," मध्येच म्हणाले, आणि रऊफ सुखावला. त्याला कळायला हवं होतं की हा रस्ता त्या माणसाच्या हाडांत होता, त्याला बघायची गरजच पडत नव्हती. पण त्याने कालच एक उद्योग करून ठेवला होता. नवं कार्ड आहे, आता खरी मजा येऊ दे, म्हणून त्याने गेममध्ये अडथळे चालू केले होते. तूखच्या आधी सिग्नल पिवळा आला.

"हिरवा!" उस्ता म्हणाले.

रऊफला वाटलं गंमत करतायत. मग पुढचा सिग्नल आला, स्क्रीनवर लखलखीत लाल, आणि त्याच्या पलीकडे उभ्या मालगाडीची पाठ.

"हिरवा!" उस्तांचा आवाज खणखणीत होता. "अरे सहायक, पुकार ना! झोपलास का?"

"बाबा, लाल आहे."

उस्तांचा हात ब्रेकवर गेला, पण उशीर झाला होता. धडक बसली आणि स्क्रीन काळी झाली. इन्साफ ताट घेऊन तशीच उभी होती.

"चित्र छान आहे रे," उस्ता सावकाश म्हणाले. "माझंच लक्ष नव्हतं."

रऊफने त्यांच्या तोंडासमोर हात धरला. "किती बोटं?"

"सणासुदीला बापाची परीक्षा घेतोस?" असं म्हणून ते उठले, आणि त्यांनी बोटं काही सांगितली नाहीत.

डॉक्टर सुहैर डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टर होत्या. त्यांनी उस्तांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितलं. उस्ता ताठ बसले. हाताने दिशा दाखवत, न अडखळता बोलायला लागले, "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे, वर..."

रऊफ मागे उभा होता. भिंतीवर आकडे होते. नुसते आकडे, मोठे, मग लहान. वर-खाली तोंड केलेली चिन्हं तिथे कुठेच नव्हती.

उस्ता म्हणत होते तो तक्ता रेल्वेच्या दवाखान्यातला होता. तिथे वर्षानुवर्षं तोच टांगलेला असे, आणि शेडमधले ड्रायव्हर चहा पिता पिता तो एकमेकांकडून पाठ करून घेत. डोळ्यांत नापास झालेल्याला इंजिनावरून उतरवून गोदामात बसवत, त्या भीतीने. उस्तांनी शेवटची ओळही म्हणून टाकली आणि पास झालेल्या माणसासारखे थांबले. डॉक्टरांनी त्यांना मध्ये तोडलं नाही. फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "छान. आता जरा हनुवटी या यंत्रावर ठेवा."

बाहेर येऊन त्यांनी रऊफला सांगितलं. नजरेचा मधला भाग, ज्याने माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, तो दोन्ही डोळ्यांत गेला होता. व्रण पडला होता. कडेचं दिसत राहील, पूर्ण अंधार होणार नाही. "सरळ रेषा वाकड्या दिसतात, असं कधी म्हणाले नव्हते का?" त्यांनी विचारलं. "ती पहिली खूण असते. तेव्हा आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन पुष्कळ वाचवता आलं असतं."

रऊफ म्हणाला, "म्हणाले होते."

त्याने पंखे साफ केले होते. मलम लावलं होतं. टेबल फिरवून दिलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं म्हणून लोक हसतात. त्याने वर्षभर पखालीची सेवा केली, आणि केवढ्या अभिमानाने केली! दवाखान्याच्या जिन्यात त्याला रडू फुटलं आणि आवरेना.

"रडतोस कशाला?" उस्ता म्हणाले. रडणं त्यांना दिसलं नव्हतं, ऐकू आलं होतं. "तुझा काय दोष? मीच कार्ड कार्ड करत होतो."

"तुम्हाला कधी कळलं बाबा?"

"शलबीच्या दुकानात. दुसऱ्या कार्डापर्यंत माझा तुझ्यावर विश्वास होता. तिसरं लागलं तेव्हा म्हटलं, सगळ्या बाजाराची कार्डं एकदम कशी मरतील?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

उस्ता कठड्याला धरून एक पायरी उतरले, मग दुसरी. "नापास झालेल्याला उतरवतात," ते म्हणाले.

घराच्या दाराशी उस्तांनी कॉलर नीट केली आणि हळू आवाजात बजावलं, "आईला सांगायचं नाही. चष्मा बदलायला सांगितलाय, एवढंच."

इन्साफ दिवाणखान्यात बसली होती. हातात काही काम नव्हतं. अशी ती कधी बसत नसे.

"चष्मा बदलायला सांगितलाय," उस्ता म्हणाले.

"बस्स करा," इन्साफ म्हणाली. "वर्षभर तुमच्या ताटातल्या माशाचे काटे मी काढतेय. बटाटा कुठे आणि भात कुठे, ते तुम्हाला मी बोलता बोलता सांगतेय. तुम्हाला वाटलं या बाईला कळत नाही?"

रऊफ बघतच राहिला. "आई, तुला माहीत होतं?"

"न माहीत व्हायला मी काय परकी आहे? माझ्या बापाचे असेच गेले डोळे. वयाने जातात म्हणून सगळे गप्प बसले, मीही गप्प बसले. वाटलं, आहेत तोवर चालवू दे त्यांना ती गाडी. किती दिवसांनी माणूस घरात हसायला लागला होता. डॉक्टरकडे नेलं असतं तर पहिल्यांदा तीच बंद केली असती त्यांनी." ती बोलता बोलता थांबली. पदराशी चाळा करावा तसा तिने शालीचा काठ बोटाला गुंडाळला आणि सोडला. मग तिने रऊफकडे बघितलं, आणि त्या फटकळ बाईचा आवाज कधी नव्हे इतका लहान झाला. "डॉक्टर काय म्हणाल्या रे? आधी आणायला हवं होतं, असं तर नाही ना म्हणाल्या?"

बाबा दाराशी उभे होते, तिरकी मान करून, दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघत.

"नाही आई," तो म्हणाला. "आधी आणलं असतं तरी काही उपयोग झाला नसता, असं म्हणाल्या."

"हो," उस्ता वहीब म्हणाले. "असंच म्हणाल्या त्या."